दोन एकर, एक मोबाइल

१. मोबाइलवर काय पिकतं?

शेतीत डिजिटल तंत्रज्ञान आणायच्या गोष्टी सुरू झाल्या की गावातला एखादा जाणता हा प्रश्न टाकतोच. प्रश्न खवचट आहे, पण रास्तही आहे. नाशिककडच्या मोठ्या द्राक्षबागायतदाराने जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं बसवली, ड्रोनने फवारणी केली, तर त्याचा हिशेब बसतो. दोन फवारण्या वाचल्या तरी यंत्राच्या पैशाला हातभार लागतो. पण दोन एकर कोरडवाहू, त्यात भात नाहीतर मका, मधे तुरीचे तास आणि दारात चार शेळ्या, एवढा ज्याचा पसारा, त्याने मोबाइल हातात घेऊन करायचं काय?

हे प्रकरण याच माणसाबद्दल आहे. त्याला भेटायला विसरवाडीला जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत–धुळे महामार्गावर हे गाव आहे. आसपासच्या पाड्यांवरची माणसं बियाणं, खत, दवाखाना, बँक अशा कामांसाठी इथे उतरतात. घरात मावची, भिली नाहीतर कोकणी बोलतात. मराठी शाळेत आणि कचेरीत, गुजराती बाजारात. २०११च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण ६९ टक्के आणि साक्षरता ६४ टक्के. हा शेतकरी अगदीच वेगळा म्हणून आपण त्याला निवडला, असं मात्र समजू नका. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरांहून कमी जमीन आहे. म्हणजे सर्वसाधारण शेतकरी तो हाच. अपवाद द्राक्षवाला.

याच्या अडचणी आपण एकेक करून पाहू. पहिली अडचण पिकाची नाहीच, कागदाची आहे. तिच्यावर जास्त वेळ थांबू, कारण बाकीच्या सोयी तिच्याच पुढे आहेत.

२. आधी नाव, मग पीक

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. त्या दिवसापासून ‘माणूस यंत्रणेला दिसणं’ ही एक नवी गोष्ट सुरू झाली. शेतकऱ्याच्या बाबतीत ती कशी चालते ते पाहू.

आधार सांगतो की हा माणूस कोण. सातबारा सांगतो की याची जमीन कोणती: गाव नमुना सातमध्ये मालकी आणि बोजा, नमुना बारामध्ये पीक. २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. ही एक सोय तरी निर्विवाद म्हणायला हवी. आधार आणि सातबारा जोडले की शेतकरी ओळख क्रमांक तयार होतो. १५ एप्रिल २०२५पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. त्यानंतर हंगामात काय पेरलं याची ई-पीक पाहणी. आणि शेवटी आधारशी जोडलेलं बँक खातं, ज्यात पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता, अनुदान किंवा नुकसानभरपाई थेट पडते.

ही रचना पाटाच्या पाण्यासारखी आहे. वरच्या अंगाला एका ठिकाणी पाट फुटला की खालच्या शेतात थेंब येत नाही, आणि खालच्याला कळतही नाही की नेमका कुठे फुटला.

यातला एक टप्पा जवळून पाहू. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली. त्याआधी पिकांची नोंद तलाठी करत असे, आणि ती बऱ्याचदा बांधावर न जाताच होई, हे गावात कुणाला सांगायला नको. आता शेतकऱ्याने स्वतः ॲप उघडायचं, खाते क्रमांक नाहीतर गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर मोबाइल आपला ठावठिकाणाही पाठवतो. हा ठावठिकाणा येतो उपग्रहांकडून. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून मोबाइल आपली जागा काढतो. ॲप ती जागा गटाच्या नकाशावर ठेवून पाहतं: माणूस खरंच त्या शेतात उभा आहे का?

कल्पना चांगली आहे. आता मापं टाकून पाहू. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक साधारण पाच मीटर. झाडीत, डोंगराच्या कुशीत ती वाढते. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. भावाभावांत वाटण्या होऊन पट्टी उरली दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब. या पट्टीच्या मधोमध उभं राहिलं तरी दोन्ही बांध पाच-पाच मीटरवर. मोबाइल थोडा चुकला की तुम्ही भावाच्या शेतात! त्यात गावनकाशे जुन्या मोजणीचे. ते संगणकावर बसवताना इकडेतिकडे सरकले असतील, तर आपल्याच तुरीत उभ्या असलेल्या माणसाला ॲप सांगतं की तुम्ही गटापासून दूर आहात. शिवाय नकाशावर हद्द आहे ती गटाची. पाच एकरांच्या गटात चार भावांनी तोंडी वाटणी करून घातलेले बांध त्या नकाशावर नसतातच.

म्हणून विसरवाडीसारख्या ठिकाणी पहिला प्रश्न ॲप चालवता येतं का, हा नाही. नाव कागदावर आहे का, हा आहे. आजोबा वारून वीस वर्षं झाली, तरी सातबारा त्यांच्याच नावे. मग कसणारा नातू यंत्रणेला शेतकरी म्हणून दिसत नाही. २०२५च्या एप्रिलपासून राज्यात मृत खातेदारांच्या वारसांची नावं लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, त्यावरून हा घोळ किती जुना आहे ते कळतं. निंदणी-खुरपणी बाईची आणि नाव नवऱ्याचं, हेही तसंच. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ची आहे; ती किती घरांत पोहोचली, हे आपापल्या गावच्या सातबाऱ्यांवर नजर टाकली तरी समजेल. निम्म्या वाट्याने दुसऱ्याचं शेत कसणारा तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. पीक त्याचं बुडतं, भरपाई मालकाच्या खात्यात.

आणि वनपट्टा. डोंगरउतारावरची जमीन पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या आदिवासींना २००६च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला: १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून ताब्यात असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर. आता ‘आम्ही तेव्हाही इथे कसत होतो’ हे सिद्ध कसं करायचं? कागद नसतो, साक्षीदार म्हातारे झालेले. इथे तंत्रज्ञान खरंच कामी आलं. शेजारच्या गुजरातेत आदिवासींबरोबर काम करणाऱ्या ‘आर्च वाहिनी’ या संस्थेने गावकऱ्यांनाच हातातल्या जीपीएस यंत्राने आपापली शेतं मोजायला शिकवलं. त्या हद्दी जुन्या उपग्रहचित्रांवर ठेवल्या की त्या वेळची नांगरलेली जमीन दिसते. पण हेच चित्र उलटही वापरता येतं. ‘चित्रात शेत दिसत नाही, दावा नामंजूर.’ झाडाखालची नागली अवकाशातून दिसणार कशी? म्हणून २०१२ साली नियमांत सुधारणा करून स्पष्ट लिहावं लागलं की उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना जोड देणारा पुरावा आहे, त्यांची जागा घेणारा नाही. शेतीतल्या सगळ्याच डिजिटल नोंदींसाठी हा नियम लावायला हवा, असं मला वाटतं.

कागदाची शेवटची भानगड अगदी छोटी दिसते. दिवाळी झाली की या भागातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. आधारला जोडलेला नंबर घरातल्या कर्त्या पुरुषाचा, आणि तो फोन त्याच्या खिशात, बारडोलीकडे उसाच्या फडात. इकडे म्हातारी आई सेवा केंद्रात खुर्चीवर बसलेली. संगणकावरचा पोरगा म्हणतो, “आजी, ओटीपी आला असंल, विचारा.” आजी फोन लावते, फडात रेंज नाही. रेंज येऊन मुलाने सहा आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. मग पुन्हा पहिल्यापासून. पाड्यापासून विसरवाडीपर्यंतचं जीपभाडं तेवढं पदरचं गेलं.

३. भाव कळला म्हणून मिळतो का?

मोबाइलचा सर्वांत मोठा फायदा म्हणून हमखास सांगितलं जातं ते बाजारभावाचं. शेतकऱ्याला भाव कळला की व्यापारी फसवणार नाही. याच्या बाजूने एक गाजलेलं उदाहरण आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. आधी मच्छीमार आपल्याच बंदरात मासळी उतरवत. एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जाई, तर जवळच्याच बंदरात तुटवडा. फोन आल्यावर समुद्रातूनच विचारून होडी कुठे न्यायची ते ठरू लागलं. फेकाफेक थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा!

आता महाराष्ट्राचा अनुभव. २००७ साली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा इथे सुरू झाली. भाव, हवामान, पीकसल्ला एसएमएसने. फाफशॉं आणि मिंटन या दोघा संशोधकांनी राज्यातली शंभर गावं निवडून काही शेतकऱ्यांना ती वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि मग दोघांची तुलना केली. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

असं का? मच्छीमाराचा माल होडीत भरलेलाच असतो. सुकाणू वळवलं की दुसरं बंदर. आपल्या शेतकऱ्याचं तसं नाही. समजा, त्याच्याकडे तीन क्विंटल तूर आहे. (नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, हे जाता जाता सांगतो. त्याचा पैसा तूर पिकवणाऱ्यापर्यंत किती जातो, हा वेगळा प्रश्न.) गावातला व्यापारी क्विंटलला ६,६०० देतो, मोबाइल सांगतो की बाजार समितीत ७,००० आहे. जास्तीचे मिळणार १,२०० रुपये. गाडीभाडं ६००, हमाली-तोलाई १००, स्वतःचं जाणं-येणं आणि चहापाणी १००, बुडालेली मजुरी ३००. हाती उरले १००. आणि बाजारात ‘ओल आहे’ म्हणून दर पाडला तर तेही गेले. वर त्याच व्यापाऱ्याने जूनमध्ये बियाणं-खत उधार दिलेलं असेल, तर तूर दुसरीकडे न्यायची सोयच नाही. भाव त्याला आधीही ठाऊक होता. अडत होतं दुसरंच.

हाच हिशेब पाच जणांनी मिळून करू. पंधरा क्विंटल, एक पिकअप १,५०० रुपयांना. म्हणजे माणशी ३००. पाचांतला एकच जण सोबत जाईल. त्याची मजुरी आणि खर्च मिळून ४००, म्हणजे माणशी ८०. हमाली-तोलाई १००. एकूण खर्च ४८०, उरले ७२०. फोन तोच, पण आता तो भाव पाहायला कमी आणि शेजाऱ्यांना ‘उद्या गाडी भरतोय, येतो का?’ विचारायला जास्त वापरला. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मूळ विचार याहून फार वेगळा नाही.

४. वाचायचा सल्ला, ऐकायचा सल्ला

कापसावर बोंडअळी आली, मक्यावर लष्करी अळी आली, तर विचारायचं कुणाला? आजही बहुतेक जण खत-औषधाच्या दुकानदाराला विचारतात. तो उधारी देतो, ओळखीचा असतो, आणि औषध विकायला बसलेला असतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसरा रस्ता मोबाइलचा. पण ज्याच्या घरची बोली मावची, त्याला पुस्तकी मराठीतला लांबलचक मजकूर पाठवून काय साधणार? ‘शिफारशीत मात्रेत आंतरप्रवाही कीटकनाशकाची फवारणी करावी’ हे वाक्य मलाही दोनदा वाचावं लागतं. इथे आवाज उपयोगी पडतो. गुजरातेत ‘आवाज ओटलो’ नावाची एक सेवा निघाली. साधा फोन लावायचा, बटण दाबून आपला प्रश्न आपल्या बोलण्यात नोंदवायचा, इतरांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायची. वाचता येण्याची गरज नाही, स्मार्टफोनचीही नाही. तिच्या अभ्यासात एक गमतीची गोष्ट दिसली. विचारलं तर शेतकरी सांगत की सल्ला तज्ज्ञाचाच हवा. प्रत्यक्षात मात्र एखाद्या शेतकऱ्याच्या आवाजातला सल्ला ऐकल्यावर त्यांनी पुढची माहिती घ्यायला जास्त फोन केले.

सरकारी सोय म्हणाल तर किसान कॉल सेंटर २००४पासून आहे. क्रमांक १८००-१८०-१५५१, वेळ सकाळी ६ ते रात्री १०, फोन फुकट, उत्तर मराठीत. नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्रही आहे. फोन करताना नुसतं ‘पानं पिवळी पडलीत’ सांगू नका. पेरून किती दिवस झाले, पिवळेपणा वरच्या पानांवर की खालच्या, शेतात पाणी साचतं का, आधी काय फवारलं, हे चार मुद्दे तयार ठेवले की उत्तर नेमकं मिळतं.

वारणेचा अनुभवही इथेच सांगायला हवा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रं उघडण्यात आली. देशभर कौतुक झालं. पुढे संशोधकांनी पाहिलं तर शेतकरी तिथे प्रामुख्याने उसाचंच विचारत: वजन किती भरलं, पैसे किती झाले, तोडणीची पाळी कधी. एवढ्यासाठी संगणक कशाला? सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिलं. काम भागलं, तेही स्वस्तात. पण हे जमलं, कारण मागे सहकारी कारखाना होता आणि प्रश्नाला उत्तर द्यायला तो बांधील होता. नवापूर तालुक्यातही डोकारे इथे आदिवासींचा सहकारी साखर कारखाना आहे. तिथला ऊस उत्पादक विचारील ते यापेक्षा वेगळं नसणार.

५. पाऊस कुणाच्या शेतावरचा?

हवामानाचा अंदाज ही छोट्या शेतकऱ्यासाठी कदाचित सर्वांत मोलाची माहिती. दुबार पेरणी टळली की बियाण्याची एक अख्खी पिशवी वाचते. २०२५च्या खरिपाआधी केंद्राच्या कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचा अंदाज मोबाइलवर पाठवला. हवामान विभागाचं ‘मेघदूत’ ॲप पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला देतं. वीज कुठे पडू शकते ते ‘दामिनी’ सांगतं. डोंगरात गुरं राखणाऱ्या पोराच्या घरी दामिनी असायलाच हवं.

पण अंदाज वेगळा आणि झालेल्या पावसाची मोजणी वेगळी. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि त्यावर पंचनामे, मदत वगैरे ठरतं. सपाट मुलखात हे बरंचसं चालून जातं. डोंगरात एका खोऱ्यात ढग फुटावा आणि पलीकडच्या उतारावर नुसती भुरभुर, हे नेहमीचं. यंत्र बसवलंय त्या गावी ५० मिलिमीटर, वरच्या पाड्यावर १००. पाड्यावरचा भात वाहून गेला, पण आकडा म्हणतो अतिवृष्टी नाही. ऑगस्ट २०१८मध्ये रंगावली नदीला पूर येऊन नवापूर शहरात पाणी शिरलं, तसल्या पावसाला पुरावा लागत नाही. पुरावा लागतो तो अशा एका पाड्यापुरत्या पावसाला. म्हणून फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि नुकसानीची खबर लगेच लेखी द्या.

६. मधला माणूस

तंत्रज्ञानामुळे मधले दलाल जातात, असं भाषणांत ऐकायला मिळतं. गावात उलट एक नवा मधला माणूस तयार झालाय: सेवा केंद्र चालवणारा ‘ऑनलाइनवाला’. त्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण त्याच्यावाचून अर्धा तालुका अडेल. त्याच्या दराचा फलक दिसेल असा लावलेला असावा, दिलेल्या पैशाची पावती मिळावी आणि कागद परत हातात पडावेत, एवढं ग्रामसभेने पाहिलं तरी पुष्कळ झालं. हा पेसा कायद्याखालचा मुलूख आहे, ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे. वारस नोंदींची यादीही त्याच सभेत वाचून घेता येईल.

जपायचं ते वेगळ्यापासून. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते, उघडली की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. सरकारी योजना अशा फाइलींतून येत नाहीत. ओटीपी सांगायचा तो आपण स्वतः समोर बसून करत असलेल्या कामापुरताच.

हे पुस्तक वाचणारा बहुधा स्वतः दोन एकरवाला नसेल. त्याच्या घरातला शिकलेला मुलगा नाहीतर मुलगी असेल. तुम्हाला एक काम सांगतो. या हंगामाची पीक पाहणीची मुदत संपायच्या आत आपल्या घराची नोंद करा, आणि त्याच मोबाइलवरून शेजारच्या, फोन नसलेल्या खातेदारांचीही करून द्या. एका मोबाइलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.